टी पेशी कोणत्या प्रकारची आहे, हे रिसेप्टरवरून कसं ओळखायचं

मायक्रोबायॉलॉजीच्या किंवा डीएमएलटीच्या विद्यार्थ्याला रोगप्रतिकारशक्तीतल्या टी पेशींचे प्रकार विचारा, तो घडाघडा सांगेल: हेल्पर, सायटोटॉक्सिक, रेग्युलेटरी, मेमरी, गॅमा-डेल्टा. मग त्याच्या हातात फ्लो सायटोमेट्रीचा, म्हणजे पेशींवरचे रेणू मोजणाऱ्या यंत्राचा, रिपोर्ट द्या आणि यातल्या हेल्पर पेशी कुठल्या, असं विचारा. तिथे बऱ्याच जणांची गाडी अडते, कारण यंत्राला ही नावं ठाऊक नसतात. सूक्ष्मदर्शकाखालीही या सगळ्या पेशी सारख्याच दिसतात: गोल, मोठं केंद्रक, भोवती पेशीद्रवाची बारीक कड. फरक असतो तो पृष्ठभागावरच्या रिसेप्टरमध्ये, म्हणजे बाहेरचं काही धरून आत निरोप देणाऱ्या प्रथिनांत.

म्हणून माझा आग्रह असा, की नावांची यादी पाठ करण्याऐवजी प्रश्नांचा क्रम पक्का करा. प्रत्येक पायरीला एकच गोष्ट विचारायची: या पेशीवर कोणता रिसेप्टर आहे, आणि तो समोरचं काय धरतो? उत्तर मिळालं की पेशीचं काम आपोआप कळतं. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत. शेवटी एक रिपोर्ट सोबत बसून वाचू.

एक गोष्ट आधी सांगून टाकतो. ‘सीडी’ या अक्षरांना घाबरू नका. वेगवेगळ्या प्रयोगशाळा पृष्ठभागावरच्या एकाच रेणूला वेगवेगळी नावं देत होत्या. तो गोंधळ मिटवायला १९८२ साली पॅरिसमध्ये पहिली आंतरराष्ट्रीय कार्यशाळा झाली आणि या रेणूंना क्रमांक मिळाले. क्रमांक फक्त नोंदीपुरता आहे. सीडी८ हा सीडी४ पेक्षा मोठा, वरचा किंवा नंतरचा असं काही नसतं.

पायरी १: ही टी पेशी आहे का? (सीडी३)

टी पेशीचा मुख्य रिसेप्टर, म्हणजे टीसीआर, दोन प्रथिनसाखळ्यांचा बनलेला असतो. त्याचा बाहेरचा भाग समोरचं अचूक ओळखतो, पण आतली शेपटी इतकी आखूड असते की ओळखलेली गोष्ट पेशीच्या आत कळवणं तिला जमत नाही. ते काम सीडी३ करतं. सीडी३च्या गॅमा, डेल्टा, एप्सिलॉन आणि झीटा अशा साखळ्या टीसीआरला चिकटून असतात. त्यांच्या आतल्या टोकांवर आयटॅम नावाचे एकूण दहा छोटे पट्टे असतात, त्यांतले सहा एकट्या झीटाच्या जोडीवर. टीसीआरने काही धरलं की या पट्ट्यांवर फॉस्फेट बसतं, त्यावर झॅप-७० हे एन्झाइम येऊन बसतं आणि संदेश पुढे सरकतो.

सीडी३ नसेल तर टीसीआर पृष्ठभागापर्यंत पोचतच नाही. त्यामुळे लिम्फोसाइटवर (हा पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) सीडी३ दिसलं, की ती टी पेशी असं धरून चालायला हरकत नाही. टीसीआर दर पेशीगणिक वेगळा असतो, सीडी३ मात्र सगळ्यांकडे तेच. अवयव प्रत्यारोपणात नेमका याचाच उपयोग झाला. सीडी३ला धरणारं ओकेटी३ हे प्रतिपिंड (अँटीबॉडी) १९८६ साली अमेरिकेत मूत्रपिंड नाकारलं जाऊ नये म्हणून मंजूर झालं. माणसांच्या उपचारासाठी मंजुरी मिळालेलं ते पहिलं मोनोक्लोनल प्रतिपिंड.

सीडी३ समजलं की कार-टी उपचारही समजतो, म्हणून तो इथेच सांगतो. रुग्णाच्या टी पेशी काढून त्यांत एक कृत्रिम रिसेप्टर घालतात. त्याचं बाहेरचं टोक प्रतिपिंडाचं असतं. रक्ताच्या काही कर्करोगांत ते बी पेशींवरच्या, म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींवरच्या, सीडी१९ला धरतं. आतलं टोक मात्र सीडी३च्या झीटा साखळीचं, म्हणजे ओळखायची पद्धत बदलली, पण आत निरोप नेणारी यंत्रणा टी पेशीची स्वतःचीच राहिली. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून घडलेल्या नेक्सकार१९ या उपचाराला भारतात ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. परदेशातल्या अशा उपचारांच्या तुलनेत तो बऱ्याच कमी खर्चात झाला, हे मला फार मोलाचं वाटतं.

पायरी २: टीसीआरची जोडी कोणती? अल्फा-बीटा की गॅमा-डेल्टा?

इथे टी पेशींची पहिली मोठी फाळणी होते, आणि नेमकी हीच पायरी अनेक जण गाळतात. माणसाच्या रक्तातल्या बहुसंख्य टी पेशींचा टीसीआर अल्फा-बीटा असतो. गॅमा-डेल्टा पेशी साधारण एक ते दहा टक्क्यांच्या घरात असतात. (या गॅमा आणि डेल्टा साखळ्या टीसीआरच्या, सीडी३च्या त्याच नावाच्या साखळ्या वेगळ्या.) आतड्याच्या अस्तरासारख्या ठिकाणी त्यांचं प्रमाण रक्तापेक्षा जास्त आढळतं.

जोडी कोणतीही असो, साखळ्या बनवायची रीत एकच. जनुकाचे तुकडे निवडून जोडले जातात. बीटा आणि डेल्टा साखळ्यांसाठी व्ही, डी आणि जे असे तीन तुकडे लागतात, तर अल्फा आणि गॅमासाठी फक्त व्ही आणि जे. कापण्याचं काम रॅग-१ आणि रॅग-२ ही एन्झाइमं करतात. जोडाच्या जागी काही अक्षरं गळतात, काही नवी भरली जातात. म्हणूनच जोडावर तयार होणारा सीडीआर३ हा भाग सर्वांत बदलता असतो, आणि प्रतिजनाचा, म्हणजे ओळखायच्या पदार्थाचा, तुकडा मुख्यतः त्यालाच भिडतो. बी पेशी आपला रिसेप्टर लसिकाग्रंथीत जाऊन पुन्हा सुधारून घेते. टी पेशीला ती सोय नाही. थायमसमध्ये, म्हणजे टी पेशी जिथे घडतात त्या छातीतल्या ग्रंथीत, जो टीसीआर ठरला, तोच शेवटपर्यंत.

आता बारकाईने बघण्यासारखी गोष्ट. डेल्टा साखळीचं जनुक अल्फाच्या जनुकाच्या पोटात बसलेलं असतं. पेशीने अल्फा बनवायला घेतली, की मधलं डेल्टाचं जनुक कापून बाहेर पडतं आणि त्याचं एक छोटं वर्तुळ बनतं. त्या गुणसूत्रावरचा डेल्टाचा रस्ता तिथेच बंद होतो. हे वर्तुळ म्हणजे ट्रेक. पेशी विभागली तरी ट्रेकची नक्कल होत नाही, त्यामुळे रक्तात ट्रेक सापडणं म्हणजे थायमसमधून नव्या टी पेशी येत असल्याची खूण. नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबात ट्रेक मोजून जन्मजात गंभीर प्रतिकारदोष शोधता येतो. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याने २००८ साली अशी तपासणी सर्व बाळांसाठी सुरू केली.

दोन्ही जोड्या काय धरतात, तो फरक कामाच्या दृष्टीने मोठा आहे. अल्फा-बीटा टीसीआरला प्रथिनाचा तुकडा लागतो, आणि तोही एमएचसीवर, म्हणजे पेशीच्या बाहेर असे तुकडे धरून दाखवणाऱ्या रेणूवर, मांडलेला. मोकळा प्रतिजन समोर आला तरी अशा पेशीला तो दिसत नाही. गॅमा-डेल्टा पेशींना बहुतेक वेळा एमएचसीची गरज पडत नाही. माणसाच्या रक्तात सर्वांत जास्त आढळणारी गॅमा-डेल्टा पेशी व्हीगॅमा९-व्हीडेल्टा२ प्रकारची असते. ती फॉस्फेट असलेल्या छोट्या रेणूंना प्रतिसाद देते. हे रेणू समोरच्या पेशीच्या आत बीटीएन३ए१ या प्रथिनाला चिकटतात, त्याचा आकार बदलतो, आणि तो बदल बाहेरून टीसीआरला कळतो. क्षयाचा जंतू असाच एक रेणू बनवतो. म्हणून क्षयावरच्या संशोधनात या पेशींकडे बारीक लक्ष असतं.

पायरी ३: सोबतीचा रिसेप्टर कोणता? सीडी४ की सीडी८?

अल्फा-बीटा टी पेशींची पुढची विभागणी सह-रिसेप्टरवरून होते. इथे घाई करू नका, कारण दवाखान्यात रोज लागणारी पायरी हीच.

१९७४ साली कॅनबेरात रोल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांत दाखवलं, की मारेकरी टी पेशी विषाणू लागण झालेल्या पेशीला तेव्हाच मारते, जेव्हा त्या पेशीवरचा एमएचसी तिच्या ओळखीचा असतो. नुसता विषाणू पुरत नाही. या शोधाला १९९६ चं नोबेल मिळालं. सीडी४ आणि सीडी८चं काम याच्याशीच जोडलेलं आहे: कोणत्या वर्गाचा एमएचसी धरायचा, हे ते ठरवतात.

सीडी८ दोन साखळ्यांचा असतो आणि वर्ग १च्या एमएचसीला धरतो. वर्ग १ शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक केंद्रकयुक्त पेशीवर असतो आणि त्यावर पेशीच्या आत बनलेल्या प्रथिनांचे आठ ते दहा अमिनो आम्लांचे तुकडे मांडलेले असतात. यकृताच्या पेशीत विषाणू वाढतोय, हे बाहेर कळायची वाट हीच. म्हणून सीडी८ पेशी मुख्यतः मारेकरी.

सीडी४ एकाच साखळीचा असतो आणि वर्ग २ला धरतो. वर्ग २ प्रामुख्याने डेंड्रिटिक पेशी, मॅक्रोफाज आणि बी पेशी यांच्यावर असतो. त्यावरचे तुकडे लांब, साधारण तेरा ते पंचवीस अमिनो आम्लांचे, आणि बहुतेक बाहेरून गिळलेल्या वस्तूचे. म्हणून सीडी४ पेशी ‘काय सापडलं’ ते बघून बाकीच्यांना कामाला लावते.

सह-रिसेप्टर नुसता आधाराला नसतो. दोघांच्याही आतल्या शेपटीला एलसीके हे एन्झाइम बांधलेलं असतं. सीडी४ किंवा सीडी८ने एमएचसी धरला की एलसीके नेमकं टीसीआरजवळ येतं आणि पायरी १मधल्या आयटॅमवर फॉस्फेट बसवतं. टीसीआरची पकड मुळात सैल, काही सेकंदांत सुटणारी. तेवढ्या वेळात संदेश सुरू व्हायचा तर एलसीके शेजारीच असायला हवं.

थायमसमध्ये कोवळ्या पेशीवर सीडी४ आणि सीडी८ दोन्ही असतात. तिचा टीसीआर वर्ग १शी जुळला तर सीडी८ राहतो, वर्ग २शी जुळला तर सीडी४. कशाशीच न जुळणाऱ्या किंवा स्वतःच्या शरीराशी फार घट्ट जुळणाऱ्या पेशी बहुतांशी तिथेच मरतात.

एचआयव्ही पेशीत शिरताना सीडी४लाच धरतो, सोबत सीसीआर५ किंवा सीएक्ससीआर४ हा दुसरा रिसेप्टर वापरतो. म्हणून एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरच्या औषधोपचाराच्या, केंद्रावर सीडी४ मोजतात. प्रौढात तो साधारण ५०० ते १५०० प्रति घन मिलिमीटर असतो. २०० च्या खाली गेला की न्यूमोसिस्टिस न्यूमोनियासारख्या संधिसाधू आजारांचा धोका वाढतो, आणि तो टाळायला कोट्रायमोक्सॅझोल देतात. एआरटी मात्र सीडी४ कितीही असला तरी सुरू करायची असते. भारतात हे धोरण २०१७ पासून आहे. ‘माझा सीडी४ चांगला आहे, मग गोळ्या कशाला’ असं कुणी म्हणालं तर त्याला हे जरूर सांगा.

पायरी ४: टीसीआर ठरलेल्या साच्यातला आहे का?

काही अल्फा-बीटा पेशींची अल्फा साखळी जवळजवळ सगळ्या माणसांत सारखीच असते. मेट पेशींत ती व्हीअल्फा७.२ची असते. त्या एमआर१ या रेणूवर मांडलेले, जंतू रायबोफ्लेविन म्हणजे बी२ जीवनसत्त्व बनवताना तयार होणारे तुकडे ओळखतात. माणूस बी२ बनवत नाही, जंतू बनवतात, त्यामुळे ही खूण परक्याचीच असते. दुसऱ्या आयएनकेटी पेशी. त्यांची अल्फा साखळी व्हीअल्फा२४ची, आणि त्या सीडी१डीवर मांडलेले स्निग्ध रेणू ओळखतात. नेहमीच्या रिपोर्टात या दोन्ही वेगळ्या दिसत नाहीत, सीडी३मध्ये मोजल्या जातात.

पायरी ५: वेग आणि ब्रेक कुठले?

टीसीआरने प्रतिजन धरला तरी कोरी, म्हणजे आधी कधी प्रतिजन न भेटलेली, टी पेशी लगेच कामाला लागत नाही. तिला सीडी२८मधून दुसरा इशारा लागतो. समोरच्या पेशीवरचे सीडी८० आणि सीडी८६ तो देतात. हेच दोन रेणू सीटीएलए-४ सुद्धा धरतो, आणि सीडी२८पेक्षा घट्ट. पेशी कामाला लागल्यावर तिच्यावर सीटीएलए-४ येतो आणि सीडी२८च्या वाट्याला काही उरत नाही. पीडी-१ हा दुसरा ब्रेक. कर्करोगाच्या गाठीभोवती किंवा जुनाट संसर्गात दमलेल्या सीडी८ पेशींवर पीडी-१ सोबत टिम-३ आणि लॅग-३ही दिसतात. पीडी-१ एकटा दिसला म्हणून पेशीला दमलेली ठरवू नका, नुकत्याच चेतलेल्या पेशीवरही तो असतो. हे ब्रेक सैल करून कर्करोगावर उपचार करता येतो, हे दाखवल्याबद्दल जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो यांना २०१८ चं नोबेल मिळालं.

रेग्युलेटरी पेशी याच पायरीवर ओळखायच्या. त्यांच्यावर सीडी४ असतो, सीटीएलए-४ सतत असतो आणि सीडी२५ भरपूर असतो. सीडी२५ म्हणजे इंटरल्युकिन-२ या वाढीचा इशारा देणाऱ्या प्रथिनाच्या रिसेप्टरची अल्फा साखळी. ती बीटा आणि गॅमा साखळ्यांना मिळाली की रिसेप्टर अगदी थोडं इंटरल्युकिन-२ही पकडतो. रेग्युलेटरी पेशी ते शोषून घेते आणि शेजारच्या पेशींना वाढायला कमी पडतं.

इथे एक सापळा आहे. संसर्ग झाल्यावर साध्या सीडी४ पेशीही सीडी२५ दाखवू लागतात. म्हणून सीडी१२७, म्हणजे इंटरल्युकिन-७चा रिसेप्टर, सोबत बघायचा. सीडी२५ जास्त आणि सीडी१२७ कमी, अशी जोडी असेल तरच रेग्युलेटरी म्हणा. फॉक्सपी३ हा त्यांचा मुख्य नियामक, पण तो केंद्रकात असतो. तो बघायचा तर पेशीपटलाला छिद्रं पाडावी लागतात, आणि मग ती पेशी जिवंत वेगळी काढता येत नाही. शिमोन साकागुची यांनी १९९५ साली सीडी२५वरून या पेशी दाखवल्या, मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ साली फॉक्सपी३च्या जनुकाशी संबंध जोडला. तिघांना २०२५ चं नोबेल मिळालं.

पायरी ६: पेशी अनुभवी आहे का, आणि कुठे निघाली आहे?

अनुभवासाठी दोन रेणू पुरतात. सीडी४५आरए आणि सीसीआर७ दोन्ही असतील तर कोरी पेशी. सीडी४५आरओ आणि सीसीआर७ असेल तर लसिकाग्रंथींत फिरणारी मेमरी पेशी. सीडी४५आरओ आहे पण सीसीआर७ नाही, तर ऊतींकडे जाणारी. बाळाच्या रक्तात कोऱ्या पेशीच जास्त असायला हव्यात, हे लक्षात ठेवा. पुढे ते कामाला येईल.

सीडी४ पेशींचे उपप्रकार त्यांच्या केमोकाइन (पेशींना वाट दाखवणारे रेणू) रिसेप्टरवरून ओळखतात: टीएच१वर सीएक्ससीआर३, टीएच२वर सीसीआर४, टीएच१७वर सीसीआर६, आणि बी पेशींना मदत करणाऱ्या टीएफएचवर सीएक्ससीआर५. या सीमा काटेकोर नसतात. सीसीआर४ रेग्युलेटरी पेशींवरही सापडतो.

पायरी ७: आता रिपोर्ट वाचू

नमुना जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत घेतात. तो फ्रीजमध्ये ठेवायचा नाही. खोलीच्या तापमानाला, प्रयोगशाळेने सांगितलेल्या वेळेत पोचवायचा. रंगीत प्रतिपिंडं घालून लाल पेशी फोडल्या की यंत्र एकेक पेशी मोजतं. पडद्यावर आडवं सीडी४५ (पांढऱ्या पेशींची खूण) आणि उभं साइड स्कॅटर (पेशीचा दाणेदारपणा) लावलं की लिम्फोसाइटचा दाट ठिपका खाली उजवीकडे दिसतो. त्याभोवती रेघ ओढून पुढची मोजणी तेवढ्याच पेशींची करतात. तिथे सीडी३ आणि सीडी४चा आलेख बघा: वर उजवीकडे ठळक गट हेल्पर पेशींचा. सीडी३ नसलेला, फिकट सीडी४ असलेला धूसर पट्टा दिसला तर तो आत घुसलेल्या मोनोसाइट या वेगळ्या पांढऱ्या पेशींचा, कारण त्यांच्यावरही थोडा सीडी४ असतो. तसाच फिकट सीडी८ काही एनके पेशींवर (टीसीआर नसलेल्या मारेकरी लिम्फोसाइटवर) असतो. म्हणून सीडी४ किंवा सीडी८ कधीच एकटा मोजायचा नाही, सीडी३ सोबत हवाच.

समजा एका प्रौढाचा रिपोर्ट असा आला: एकूण लिम्फोसाइट २०००, सीडी३ ७२ टक्के, सीडी३ व सीडी४ ४२ टक्के, सीडी३ व सीडी८ २५ टक्के, बी पेशींचा सीडी१९ १२ टक्के, एनके पेशी १४ टक्के.

आधी बेरीज करा. टी, बी आणि एनके मिळून ७२ अधिक १२ अधिक १४, म्हणजे ९८. शंभरच्या आसपास आलं, म्हणजे मोजणी विश्वासार्ह. बेरीज ८० आली असती तर मी बाकीचे आकडे वाचलेच नसते, प्रयोगशाळेला फोन केला असता.

मग सीडी४ आणि सीडी८ मिळवा: ६७. सीडी३ तर ७२ आहे. उरलेले ५ टक्के कोण? सीडी३ आहे पण सीडी४ नाही आणि सीडी८ही नाही, अशा टी पेशी. त्यांत बहुतांश गॅमा-डेल्टा. पायरी २ गाळणाऱ्याला हे पाच टक्के चुकल्यासारखे वाटतात. ते चुकलेले नसतात. हा फरक फारच मोठा आला, तर मात्र टीसीआर गॅमा-डेल्टाचं प्रतिपिंड घालून पुन्हा बघायला सांगा.

प्रत्यक्ष संख्या: २००० चे ४२ टक्के म्हणजे ८४० सीडी४, २५ टक्के म्हणजे ५०० सीडी८. गुणोत्तर १.७ च्या आसपास, ठीक. संख्या दिवसाच्या वेळेनुसार, स्टिरॉइडमुळे आणि इतर आजारांतही हलते. क्षयासारख्या आजारात एचआयव्ही नसतानाही सीडी४ खाली जाऊ शकतो. दोन रिपोर्ट ताडून बघायचे असतील तर एकाच प्रयोगशाळेचे, शक्यतो दिवसाच्या एकाच वेळचे घ्या आणि टक्केवारीही बघा. लहान मुलांना प्रौढांचे आकडे कधीही लावू नका. त्यांच्यात लिम्फोसाइट मुळातच जास्त असतात.

एखादा गट गायब असेल तर

कोणता रिसेप्टर बिघडला हे कोणत्या पेशी नाहीत यावरून कळतं, आणि ही सगळी उजळणी इथे खरी उपयोगी पडते. टी आणि एनके नाहीत, बी आहेत: इंटरल्युकिन-२, ७ आणि १५ यांच्या रिसेप्टरांत सामाईक असलेल्या गॅमा साखळीचा दोष असू शकतो. तिचं जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने तो मुलग्यांत दिसतो. फक्त टी नाहीत: इंटरल्युकिन-७च्या रिसेप्टरकडे बघा. टी आणि बी दोन्ही नाहीत, एनके आहेत: रॅगचा दोष असू शकतो, कारण त्याच्याविना दोघांचेही रिसेप्टर जोडले जात नाहीत. सीडी८ गायब, सीडी४ आहेत पण काम करत नाहीत: झॅप-७०. सीडी४ फारच कमी: वर्ग २चा एमएचसी बनतोय का ते तपासा. बाळाच्या टी पेशी आकड्याने बऱ्या आहेत पण जवळजवळ सगळ्या सीडी४५आरओच्या आहेत, तर त्या आईकडून आलेल्या असू शकतात. नुसता सीडी३चा आकडा बघणाऱ्याच्या हातून असं बाळ निसटतं.

आपल्याकडे बीसीजी जन्मल्याबरोबर टोचतात. ती जिवंत लस आहे, आणि टी पेशी नसलेल्या बाळात तिचे जंतू अंगभर पसरू शकतात. घरात याआधी एखादं मूल पहिल्या वर्षात संसर्गाने दगावलं असेल, तर प्रसूतीआधीच डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा आणि बाळाची तपासणी होईपर्यंत बीसीजी व रोटाव्हायरससारख्या जिवंत लसी थांबवायच्या का, ते त्यांच्याकडून ठरवून घ्या. पहिल्या महिन्यांत रक्ताच्या साध्या सीबीसीत लिम्फोसाइट सतत ३००० च्या खाली दिसत असतील तर पुढची तपासणी मागायला संकोच करू नका. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था या आजारांचं निदान करते. अशा बाळाचा नमुना पाठवताना फॉर्मवर फक्त ‘सीडी४ काउंट’ लिहू नका. सीडी३, सीडी४, सीडी८, सीडी१९, एनके आणि सोबत सीडी४५आरए-आरओ, एवढं लिहून द्या. बाळाचं वय, आधी रक्त दिलं असेल तर त्याची तारीख आणि बीसीजी टोचली आहे की नाही, हेही त्याच फॉर्मवर लिहा.